पंप दाबला, पण औषध कुठे गेले? नव्याने इनहेलर घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या जुनाट विकाराच्या) रुग्णाला पंप सुरू होऊन महिना-दोन महिने उलटले आणि तरीही जिना चढताना धाप लागतच राहिली, की घरची माणसे औषध बदलून घ्यायला सांगतात आणि पुष्कळदा मात्राही वाढते. त्याआधी एक तपासणी व्हायला हवी. तिला पैसे लागत नाहीत आणि यंत्रही लागत नाही: रुग्णाने आपला पंप रोज जसा घेतो तसाच, कोणतीही सुधारणा न करता, जाणत्या माणसासमोर घेऊन दाखवावा. १९७५ ते २०१४ या काळातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. चोपन्न हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासल्यावर पंप पूर्णपणे बरोबर घेणारे त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्केच निघाले आणि चाळीस वर्षांत त्यात म्हणण्यासारखी सुधारणाही दिसली नाही.

औषध कोणते आणि किती घ्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते आणि या लेखात त्याला हात घातलेला नाही. लिहून दिलेले औषध फुप्फुसापर्यंत पोहोचवायचे कसे आणि ते वाटेत नेमके कुठे सांडते, एवढाच येथे विषय आहे.

गोळी सोडून पंप कशासाठी

‘पंपाची सवय लागते’ आणि ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ ही दोन वाक्ये गोव्यात पेडणे ते काणकोण कुठेही ऐकू येतात. त्यांना उत्तर द्यायचे तर आकडेच पुरेसे आहेत. सालब्युटामॉल या नेहमीच्या औषधाची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा असतो. गोळीतले औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरभर फिरते, म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. फवाऱ्यातले औषध थेट श्वासनलिकेवर पडते, म्हणून चाळिसाव्या हिश्श्याच्या मात्रेवर काम भागते.

मात्र ही काटकसर पुरेपूर साधत नाही. नेहमीचा स्प्रेचा पंप थेट तोंडात धरून घेतला, तर उत्तम तंत्र असूनही साधारण १० ते २० टक्केच औषध फुप्फुसात उतरते. बाकीचे घशावर बसते आणि गिळले जाते. मुळातच वाटा इतका लहान असल्यामुळे एखादी चूकही तो जवळजवळ शून्यावर आणू शकते. रुग्णाला मात्र फवाऱ्याची चव लागलेली असते, आवाजही आलेला असतो, त्यामुळे औषध घेतल्याची त्याची खात्री असते.

पहिले काम: आपले उपकरण कोणत्या जातीचे आहे ते ओळखणे

लोक सगळ्यालाच पंप म्हणतात, पण आपल्याकडे मिळणारी उपकरणे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिल्यात धातूच्या छोट्या डबीत दाबाखाली भरलेले औषध असते आणि डबी दाबली की मोजका फवारा उडतो. हा स्प्रेचा पंप, जो १९५६ पासून वापरात आहे. दुसऱ्यात औषधाची कोरडी भुकटी असते. ती बहुधा कॅप्सूलमध्ये येते आणि रोटाहेलर किंवा रिव्होलायझरसारख्या उपकरणात घालून ओढायची असते.

हा फरक कळला की अर्धे शिक्षण झाले, कारण दोन्ही प्रकारांना लागणारा श्वास एकमेकांच्या अगदी उलट आहे. स्प्रेचा फवारा स्वतःच्या जोराने बाहेर पडतो. त्यावर जोरात श्वास ओढला तर कण वळण न घेता घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात, म्हणून श्वास संथ हवा. भुकटीला स्वतःचा जोर नसतो. तिला उचलणारे आणि तिचे बारीक कण करणारे बळ रुग्णाच्या श्वासातूनच यायचे असते, म्हणून तिथे श्वास पहिल्या क्षणापासून जोरदार हवा. स्प्रे जोरात आणि भुकटी हळू ओढणारे रुग्ण फार आढळतात. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची उपकरणे असतात त्यांच्यात तर हा गोंधळ जवळजवळ ठरलेलाच असतो. एकाच रुग्णाला दोन जातींची उपकरणे देणे शक्य तितके टाळावे, असे माझे मत आहे, आणि तशी विनंती डॉक्टरांना करायला रुग्णाने संकोच बाळगू नये.

त्याबरोबर हेही विचारून घ्यावे की हातात असलेला पंप तातडीचा आहे की रोजचा. तातडीचा पंप आखडलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो. रोजच्या पंपातले औषध, विशेषतः दम्यात स्टेरॉइडचे, श्वासनलिकेची सूज सावकाश उतरवते. त्याने लगेच बरे वाटत नाही आणि म्हणूनच तो सर्वांत आधी सोडला जातो. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीच्या धुरापुरता, गणेशचवथीच्या फटाक्यांपुरता किंवा काजूच्या हंगामात भट्टीपाशी बसण्याच्या दिवसांपुरता रोजचा पंप काढणारे लोक आहेत; त्यांना त्याचा उपयोग जाणवत नाही, यात नवल नाही. काही औषधे दोन्ही कामे करतात, त्यामुळे रंगावरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून न ठरवता आपल्या पंपावर ‘रोज’ किंवा ‘तातडी’ अशी चिठ्ठी डॉक्टरांना विचारूनच चिकटवावी.

स्प्रेचा पंप: पायरी पायरीने

सर्वप्रथम झाकण काढावे आणि तोंडात धरायच्या भागात एकदा डोकावून पाहावे. पिशवीत किंवा खिशात झाकणाशिवाय फिरलेल्या पंपात धागा, नाणे किंवा सुपारीचा तुकडाही अडकलेला असू शकतो. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल, तर आधी काही फवारे हवेत सोडावे लागतात. किती सोडायचे हे सोबतच्या पत्रकात दिलेले असते. हे वाया गेलेले औषध नव्हे, कारण पडून राहिलेल्या पंपाच्या पहिल्या फवाऱ्यात मात्रा पूर्ण असेलच असे नसते.

मग पंप चांगला हलवावा. बहुतेक स्प्रेंमध्ये औषधाचे कण द्रवात तरंगत असतात आणि स्थिर राहिले की वर किंवा तळाशी जमतात. न हलवता दाबले तर एका फवाऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी औषध येते. दोन फवारे घ्यायचे असतील तर दुसऱ्याआधी पुन्हा हलवावा.

ताठ बसावे किंवा उभे राहावे. हनुवटी किंचित वर असावी. पलंगावर आडवे पडून किंवा मान खाली घालून पंप घेतला तर तोंडापासून श्वासनलिकेपर्यंतची वाट वाकडी होते. पंप सरळ, डबीचा तळ वर आणि तोंडाचा भाग खाली असा धरावा; आडवा किंवा उलटा धरलेला पंप मात्रा बरोबर मोजत नाही.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात: आधी श्वास पूर्ण सोडावा. फुप्फुस अर्धे भरलेले असताना आणखी श्वास घ्यायला पुरेशी जागा उरत नाही. अगदी शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढण्याची आवश्यकता नाही, सहज जाईल तेवढा सोडावा, आणि पंपाच्या बाहेर सोडावा. मग तोंडाचा भाग दातांच्या मध्ये धरून ओठ भोवती घट्ट मिटावेत आणि जीभ खाली ठेवावी, म्हणजे फवारा जिभेवर अडत नाही. कवळी सैल असेल तर ती नीट बसवून घ्यावी. ओठांच्या कोपऱ्यातून धूर निसटताना दिसला तर औषध बाहेर गेले, असे समजावे.

आता मुख्य गोष्ट. संथ श्वास आत घ्यायला सुरुवात करावी आणि सुरुवात होताक्षणीच डबी एकदा पूर्ण दाबावी; दाबल्यावर श्वास न थांबवता तसाच पुढे घेत राहावे, मोठ्या माणसाने मनात एक ते पाच मोजत. येथे तीन प्रकारे घात होतो. काही जण आधी दाबतात आणि मग श्वास घेतात, तोवर फवारा तोंडातच बसलेला असतो. काही जण श्वास संपत आल्यावर दाबतात. आणि काहींचा गार फवारा घशावर लागताच श्वास आपोआप तुटतो किंवा तो नाकावाटे सुरू होतो. नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तोंडातले औषध आत जात नाही, हे सांगायला सोपे वाटते, पण आरशासमोर उभे राहिल्याशिवाय आपण नाकाने श्वास घेतो आहोत हे कित्येकांना कळतच नाही. धाप असो वा नसो, एका श्वासात दोनदा दाबणे ही आणखी एक घाईतली सवय; तिने औषध दुप्पट होत नाही.

श्वास पूर्ण आत गेल्यावर पंप तोंडातून काढावा, ओठ मिटावेत आणि दहापर्यंत मोजेपर्यंत, किंवा झेपेल तितका वेळ, श्वास रोखावा. बारीक कण श्वासनलिकेच्या भिंतीवर बसायला हा वेळ लागतो. लगेच सोडलेल्या उच्छ्वासाबरोबर ते परत बाहेर येतात. वर उल्लेखलेल्या आढाव्यात स्प्रे वापरणाऱ्यांच्या सर्वाधिक चुका याच जागी होत्या: श्वास न रोखणे, दाबणे आणि श्वास यांची सांगड न बसणे, आणि श्वासाचा वेग किंवा खोली चुकणे, प्रत्येकी साधारण ४५ टक्के. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावा.

स्पेसर: मोठ्यांनी लाजू नये असे साधन

दाबणे आणि श्वास यांची सांगड हीच स्प्रेची खरी कसोटी असेल, तर ती कसोटीच काढून टाकणारे साधन फार्मसीत काही शे रुपयांत मिळते. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी किंवा फुगीर डबा. एका टोकाला पंप बसतो, दुसरे टोक तोंडात धरायचे. फवारा आधी त्या पोकळीत पसरतो, त्याचा वेग ओसरतो, मोठे कण स्पेसरच्या भिंतीवरच बसतात आणि बारीक कण सावकाश श्वासाबरोबर आत जातात. घशावर कमी औषध बसल्यामुळे स्टेरॉइडच्या पंपाने होणारा त्रासही कमी होतो.

तरीही मोठी माणसे तो घ्यायला नाखूश असतात, कारण तो लहान मुलांचा समजला जातो आणि कदंबाच्या बसमध्ये पिशवीतून काढायला संकोच वाटतो. स्प्रेचा पंप घेणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येकाकडे स्पेसर असावा, आणि स्टेरॉइडचा स्प्रे घेणाऱ्या कोणत्याही वयाच्या माणसाकडेही असावा, असे मी ठामपणे म्हणेन. बाहेर नेणे जमत नसेल तर सकाळ-संध्याकाळचे फवारे घरीच असतात. निदान तेवढे तरी त्यातून घ्यावेत.

वापरताना पंप हलवून स्पेसरला जोडावा, श्वास सोडावा, तोंडाचा भाग ओठांत धरावा, एकच फवारा सोडावा आणि लगेच एक संथ, खोल श्वास घेऊन रोखावा. धाप लागलेली असल्यामुळे एवढा खोल श्वास जमत नसेल, तर तोंड न काढता पाच साधे श्वास आत-बाहेर घ्यावेत. दोन-तीन फवारे एकदम भरून मग ओढणे ही चूक आहे. कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. फवारा सोडून बोलत बसणे ही दुसरी चूक, कारण काही सेकंदांतच औषध तळाशी बसते. श्वास ओढताना शिट्टी वाजली तर ती शाबासकी नव्हे. ज्या स्पेसरला शिट्टी असते, तिथे ती वेग जास्त झाल्याचा इशारा देते.

धुण्याची पद्धत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरड्या फडक्याने पुसलेल्या प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि तो औषधाचे कण भिंतीकडे खेचून घेतो. म्हणून नवा स्पेसर वापरण्याआधी, आणि पुढे साधारण दर महिन्याला किंवा पत्रकात दिले असेल त्याप्रमाणे, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकून तो बुडवून ठेवावा आणि न पुसता हवेवर वाळू द्यावा.

स्पेसर हाताशी नाही आणि धाप वाढली आहे, अशा वेळी अर्ध्या लिटरची स्वच्छ, कोरडी प्लॅस्टिकची बाटली उपयोगी पडू शकते. तिच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडून कडेची फट चिकटपट्टीने बंद करायची आणि बाटलीचे तोंड ओठांत धरायचे. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली होती, तर थर्माकोलचा पेला मागे पडला होता. हा रोजच्या वापरातला पर्याय मात्र नव्हे.

कॅप्सूलचे उपकरण: भुकटी ओढण्याची पद्धत

येथील सर्वांत मोठी चूक ऐकून हसू येते, पण ती खरी आहे: कॅप्सूल गिळणे. कॅप्सूल म्हटली की पाण्याबरोबर घ्यायची, ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला दोन कंपन्यांच्या अशा कॅप्सूल लोक गिळत असल्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली होती. गिळलेल्या कॅप्सूलने सहसा अपाय होत नाही, पण फुप्फुसाला त्याचा काहीच लाभ मिळत नाही. घरात डब्यांमध्ये गोळ्या भरून ठेवायची पद्धत असेल, तर या कॅप्सूल त्या डब्यात कधीही ठेवू नयेत.

हात कोरडे करून एक कॅप्सूल बाटलीतून किंवा पट्टीतून त्या वेळीच काढावी. रोटाहेलरमध्ये ती पारदर्शक टोक खाली करून वरच्या चौकोनी भोकात पूर्ण दाबून बसवायची आणि मग खालचा भाग फिरवायचा, म्हणजे तिचे दोन भाग वेगळे होऊन भुकटी मोकळी होते. रिव्होलायझर उघडून कॅप्सूल आत ठेवायची आणि घट्ट बंद करायचे, म्हणजे आतल्या सुया तिला टोचतात. काही उपकरणांत बाजूचे बटण दाबून भोक पाडायचे असते. ते एकदाच दाबावे, कारण पुन्हा पुन्हा टोचलेल्या कॅप्सूलचे तुकडे होऊन तोंडात येतात. अर्धवट फिरवलेला रोटाहेलर आणि नीट न मिटलेले झाकण यांमुळे बंद कॅप्सूलमधूनच हवा ओढणारे लोक पुष्कळ आहेत. रुग्ण प्रामाणिकपणे श्वास घेतो आणि भुकटी जागची हलत नाही.

आता श्वास पूर्ण सोडावा, पण उपकरणात नव्हे, तोंड बाजूला वळवून. उपकरणात सोडलेला उच्छ्वास दमट असतो. भुकटी उडते तरी किंवा ओली होऊन गोळा तरी होते. मग उपकरण ओठांत घट्ट धरून सुरुवातीपासूनच जोराने आणि खोलवर श्वास ओढावा. हळू सुरू करून पुढे वेग वाढवला तर भुकटी आधीच जाड गुठळ्यांच्या रूपात निघून घशात बसते. उपकरण तोंडातून काढून दहापर्यंत मोजत श्वास रोखावा. नंतर उघडून पाहावे. भुकटी उरली असेल तर पुन्हा श्वास सोडून दुसऱ्यांदा ओढावी. भुकटीला काही वेळा फारशी चव नसते, त्यामुळे काही लागले नाही म्हणून लगेच दुसरी कॅप्सूल घालू नये.

जोर कमी पडणे ही चूक नेहमी शिकवून सुधारता येत नाही. फार पुढे गेलेल्या सीओपीडीत, अतिवृद्धांत किंवा ऐन दम्याच्या झटक्यात लागणारा वेग अंगात नसतो. अशा माणसाला ‘जोरात ओढा’ म्हणून ओरडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून स्पेसरसह स्प्रे मागून घ्यावा.

पावसाळ्याची ओल आणि एप्रिलचे ऊन

गोव्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, मीठ पाघळते आणि कुंकवाच्या डबीवरही बुरशी चढते; तीच ओल औषधाच्या भुकटीलाही लागते. ओलसर भुकटीचे कण एकमेकांना चिकटतात आणि मोठे झालेले कण खोलवर जाऊ शकत नाहीत. कॅप्सूलचे कवचही नरम पडते, मग ते स्वच्छ न फुटता चेपते. म्हणून कॅप्सूल मूळ बाटलीतच, आतली ओल शोषणारी पुडी न काढता, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात. आठवड्याच्या कॅप्सूल आधीच काढून ठेवणे, उपकरणात उद्याची कॅप्सूल घालून ठेवणे, बाटली न्हाणीत, फ्रीजमध्ये किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवणे, हे सर्व टाळावे. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीत दमट हवा शिरून पाण्याचे बारीक थेंब जमतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

उपकरण धुतले तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये, आणि आषाढात त्याला दोन दिवसही लागू शकतात. रोटाहेलरसारखे उपकरण स्वस्त असते. पावसाळ्यात दोन ठेवून आलटून पालटून वापरावे. स्प्रेच्या प्लॅस्टिकच्या भागातून धातूची डबी काढून तो भाग आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावा. डबी मात्र पाण्यात घालू नये. पांढरा थर साचून फवाऱ्याचे भोक अर्धे बुजलेले पंप बरेच पाहायला मिळतात.

उन्हाळ्यातला धोका निराळा आहे. स्प्रेची डबी दाबाखालची असते आणि तिच्यावर बहुधा ३० अंश सेल्सिअसखाली ठेवावे असे छापलेले असते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. किनाऱ्यावर, बाजारात किंवा जत्रेला जाताना पंप गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत न्यावा. रिकामी डबीही जाळू नये किंवा टोचू नये.

गुळण्या, संपलेला पंप आणि थरथरणारे हात

स्टेरॉइड असलेला कोणताही पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून, गुळण्या करून, पाणी थुंकून टाकावे. न केल्यास तोंडात पांढरे चट्टे उठतात, आवाज बसतो आणि मग लोक पंपच बंद करतात. दात घासण्याआधी पंप घ्यायची सवय लावली की गुळण्या वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. मास्कमधून औषध घेणाऱ्या मुलांचा चेहराही पुसून घ्यावा.

स्प्रेवर आकडे दाखवणारी खिडकी असेल तर तीच पाहावी. नसेल तर साधे गणित करावे: १२० फवाऱ्यांचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेतल्यास तीस दिवस पुरतो. सुरू केल्याची आणि संपायची तारीख डबीवर पेनने लिहून ठेवावी. औषध संपल्यावरही डबीत वायू शिल्लक असतो आणि फवारा उडत राहतो. डबी पाण्यात टाकून ती तरंगते का हे पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही आणि तिने डबीच्या तोंडात पाणी शिरू शकते. पंप संपण्याच्या चार दिवस आधी नवा आणायची आठवण होईल असे फोनवर लावावे, विशेषतः चवथीच्या आणि सलग सुट्ट्यांच्या आधी.

बोटांत संधिवात असेल तर डबी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबता येते. एवढेही जमत नसेल तर दाबायचे काम घरच्या माणसाने स्पेसरला धरून करावे. अगदी लहान मुलांना, साधारण तीन-चार वर्षांपर्यंत, मास्कचा स्पेसर लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. मूल रडत असेल तर औषध आत नीट जात नाही, उलट बाहेर जास्त सांडते. नेब्युलायझरच्या, म्हणजे पातळ औषधाचे बारीक तुषार करून देणाऱ्या, मशीनबद्दल थोडक्यात सांगायचे तर बहुतेक वेळा स्पेसरसह स्प्रे तेवढेच काम करतो, आणि मशीनमध्ये नळाचे पाणी कधीही घालू नये.

शिकलेले तपासून घ्यावे

‘कळले का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून तो प्रश्न व्यर्थ आहे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात तपासणीला जाताना आपला स्वतःचा पंप आणि स्पेसर बरोबर न्यावा आणि ‘मी घेऊन दाखवतो, चूक असेल ती सांगा’ असे आपणहून म्हणावे. गर्दीच्या ओपीडीतही याला दोन मिनिटे पुरतात. फार्मसीत पंप घेताना हीच विनंती करावी, विशेषतः कंपनी बदलून दिली असेल तर, कारण औषध तेच असूनही उपकरण वेगळे असू शकते. घरी एखाद्या दिवशी नातवाकडून फोनवर चित्रफीत काढून घ्यावी. स्वतःला बाजूने पाहिल्यावर नाकाने घेतलेला श्वास आणि ओठांतून निसटलेला धूर लगेच दिसतो.

एकदा बरोबर शिकलेले तंत्र कायम राहत नाही. काही आठवड्यांत सवयी परत घसरतात, म्हणून प्रत्येक भेटीत पुन्हा दाखवावे, आणि मात्रा वाढवण्याची गोष्ट निघाली की ती वाढण्याआधी हमखास दाखवावे.

धाप अचानक वाढली तर

अशा वेळी तंत्र सर्वाधिक बिघडते, म्हणून तयारी आधीच असावी. तातडीच्या पंपाचे किती फवारे, किती अंतराने आणि कुठपर्यंत घ्यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर मराठीत लिहून घ्यावे आणि तो कागद पंपाजवळच ठेवावा. माणसाला ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे, आडवे करू नये. पंप स्पेसरमधूनच, एका वेळी एकच फवारा याप्रमाणे द्यावा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर पडत असतील, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला वाटत असेल, किंवा लिहून दिलेले फवारे देऊनही आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत कागदावर लिहिल्याप्रमाणे फवारे देत राहावेत. इस्पितळात जाताना रुग्णाचे सगळे पंप पिशवीत घालून बरोबर न्यावेत, म्हणजे आधी काय आणि किती दिले हे तिथल्या डॉक्टरांना लगेच समजते.